कुंडलिकरावांची अरुंधती

काटेवाडीच्या कुंडलिकरावांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे कालव्याखालची जमीन आणि दुसरी म्हणजे स्वतःची नजर. जमीन वडिलांनी ठेवलेली आणि पाणी सरकारने आणलेलं, त्यामुळे तिच्याबद्दल फार बोलायची सोय नव्हती. नजर मात्र घरची होती. तिच्याबद्दल ते बोलायचे, आणि ऐकणारा काहीतरी निमित्त काढून उठेपर्यंत बोलायचे.

त्या नजरेला पंचक्रोशीत कामही होतं. लग्नात सप्तपदी झाली की नवरीला अरुंधती दाखवतात. वसिष्ठ ऋषीची ही बायको नवऱ्याची पाठ सोडत नाही, तशी तूही राहा, असं नवरीला सांगायचं असतं. पण ही अरुंधती काही शुक्रासारखी मिरवणारी चांदणी नव्हे. बारीक, निळसर पांढरी, शेजारच्या मोठ्या चांदणीच्या आडोशाला अंग चोरून बसलेली. ती शोधायची एक गावठी खूण आहे. उत्तरेला म्हातारीची बाज दिसते, चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार पाय. बाजेच्या मागे ती पळवायला आलेले तीन चोर. शिकलेले लोक या सगळ्याला सप्तर्षी म्हणतात. त्यातला मधला चोर म्हणजे वसिष्ठ आणि त्याच्या कानाशी अरुंधती. एवढ्या मोठ्या ऋषीला गावाने चोर करून टाकलं, याचं बारामतीच्या भटजींना फार वाईट वाटे. पण खुणेला चोरच सोपा पडत होता, त्याला कोण काय करणार.

कुंडलिकरावांकडे हे काम त्यांच्या स्वतःच्या लग्नापासून आलं. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. भटजींचे डोळे अधू, त्यामुळे त्यांचं बोट आभाळभर भटकत राहिलं. आचारी ओरडायला लागला, वरण निवायला लागलं. शेवटी नवरदेवाने बाशिंग वर सारलं आणि म्हणाला, "भटजी, तितं न्हवं, हितं हाय." त्याने शेजारी उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या नवरीला बोटाने बाज दाखवली, चोर दाखवले, मधल्या चोराचा कान दाखवला आणि विचारलं, "दिसली का?" नवरीने, म्हणजे बनाबाईंनी, मुंडावळ्या हलतील इतक्या जोरात मान डोलावली. भटजी सुटले, पंगत बसली, आणि कुंडलिकरावांचं नाव झालं. पुढची पस्तीस वर्षं ते नाव बनाबाईंच्या त्या एका होकारावर उभं होतं.

मग काटेवाडीत कुणाचंही लग्न निघालं की भटजींच्या आधी कुंडलिकरावांना सुपारी जायची. कळंबकडून, इंदापूरकडून त्यांना न्यायला छकडा यायचा. मान म्हणून नारळ आणि पहिली पंगत. लग्न भर दुपारचं असलं तर इतर गावचे भटजी उन्हातच आभाळाकडे बोट करून मोकळे व्हायचे. कुंडलिकरावांना असली चालढकल खपत नसे. चांदणी दिसल्याशिवाय नवरी हलायची नाही. इंदापूरकडच्या एका वऱ्हाडाचे बैल जुंपून तयार होते, नवरी रडून रडून दमली होती, आणि हे दिवेलागणीची वाट बघत निवांत पान जमवत बसले होते. त्या वऱ्हाडाने पुढे त्यांना कधी बोलावलं नाही.

चांदणी दाखवून झाली की त्यांचं एक छोटं भाषण असे. "हिचा रंग बघा. निळसर पांढरा. पानी घातलेल्या दुधावानी." एवढं बोलून ते दत्तोबाकडे बघायचे. दत्तोबा त्यांचा शेजारी. तो बारामतीला दूध घालायचा, आणि दोघांच्या रानामधल्या बांधावर जी बाभूळ होती ती आपलीच असं दोघेही म्हणायचे. लोक हसले की कुंडलिकराव आवाज खाली आणत. "आन् आता ध्यान देऊन ऐका. ज्याला ही चांदनी दिसत न्हाय, तो मानूस सहा महिन्यांत जातो. आमच्या गेनूतात्यानं मला सोता सांगितलं, कुंडलिका, मला काय दिसंना बाबा. चार महिन्यांत गेला." गेणूतात्या नव्वदीला टेकले होते आणि दम्याने वर्षभर अंथरुणाला खिळले होते, हे ते सांगत नसत. जागच्या जागी सगळा मांडव माना वर करायचा आणि सगळ्यांना चांदणी दिसायची. एखाद्याला दिसली नाही असं पस्तीस वर्षांत कधी झालं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. कळंबला नव्या साखर कारखान्याची चिमणी नुकती धूर काढायला लागली होती, त्या वर्षीच्या फाल्गुनातली गोष्ट. गावातल्या रंगूबाईंच्या नातीचं लग्न होतं. कुंडलिकरावांनी रीतीप्रमाणे खाकरून बोट वर केलं. बाज दाखवली. तीन चोर दाखवले. मधल्या चोरापाशी आले, आणि चोर एकटाच होता.

त्यांनी डोळे मिटले, उघडले, उपरण्याने पुसले. चोर तेवढा पसरट झाला होता, कणसाला येतं तसं केसर त्याच्या अंगावर फुटलेलं वाटत होतं, पण त्याच्या कानाशी कुणी नव्हतं. हात तर वर गेलेला. त्यांनी सवयीने जागा दाखवली. नवरीने लगेच मान डोलावली. मग तोंडही सवयीने पुढे गेलं, "ज्याला ही चांदनी दिसत न्हाय," इथपर्यंत आलं, आणि वाक्य कुठे जाणार आहे हे कुंडलिकरावांना कळलं. उरलेलं त्यांनी घशातच गिळलं. पहिल्या पंगतीला बसून त्यांनी एकच लाडू खाल्ला, याची गावात दोन दिवस चर्चा झाली.

पुढचे चार-पाच दिवस ते दिवे लागले की अंगणात जाऊन मान वर करायचे. चोर रोज एकटाच. म्हणजे श्रावण-भाद्रपदापर्यंत आपला कारभार आटोपला, हे त्यांनी समजून घेतलं. मरणाची भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून मोठी काळजी दुसरी होती. धाकट्या लेकीचं, कौसल्याचं लग्न कळंबच्या झुंबररावांच्या मुलाशी ठरलं होतं आणि मुहूर्त दिवाळीनंतरचा धरला होता. बाप मध्येच गेला तर वर्षभर मांडव पडायचा नाही. आणि बापाला अरुंधती दिसत नाही असं आधीच फुटलं, तर झुंबरराव काय म्हणतील कुणास ठाऊक. तेव्हा तोंड शिवायचं आणि लग्न अलीकडे ओढायचं. दुसऱ्याच दिवशी ते कळंबला गेले आणि वैशाखातला गोरज मुहूर्त पक्का करून आले. घाई कशाला, असं झुंबररावांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "दिवाळीत गहू काढायचा असतो." दिवाळीत कुणी गहू काढत नाही, पण झुंबररावांनी व्याही म्हणून मान ठेवला.

बनाबाईंना मात्र काहीतरी बिनसल्याचा वास आला. बनाबाई म्हणजे जवळच्या कामाला बिनतोड. तांदळातला खडा त्यांच्या हातून सुटायचा नाही, सुईत दोरा एका दमात. लांबचं मात्र त्यांनी कधी फारसं मनावर घेतलं नाही. ज्वारीतल्या बुजगावण्याला परका पाहुणा समजून त्यांनी एकदा डोक्यावर पदर घेतला होता. नवरा रानातून येताना वळणावर खोकायचा, तो खोकला ओळखून त्या तव्यावर भाकरी टाकायच्या. लांबून नुसता एक पांढरा ठिपका हलताना दिसायचा, तो कुंडलिकराव की म्हसोबाचा बोकड हे खोकल्यावर ठरायचं. त्यांना वाटे सगळ्या जगाला असंच दिसतं. कौसल्या अगदी आईवर गेली होती.

तर या बनाबाईंनी बघितलं, की उन्हाळ्याच्या तोंडी लावायच्या सुरूच्या उसासाठी सऱ्या पाडून ठेवलेल्या रानात धनी मेथी टाकतायत.

"आवं, उसाच्या रानात मेथी?"

"व्हय."

"का?"

"ऊस वरीसभर घेतो. मेथी महिन्यात येती."

"ऊस वरीसभर घेतो हे आजच कळलं व्हय तुमास्नी?"

कुंडलिकरावांनी मेथीची पुढची मूठ फेकली. ज्या उसाला कोयता लागताना आपण असणार नाही, तो लावायचा कुणासाठी, हे बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. ती मेथी इतकी उदंड आली की महिनाभर त्या घरात दुसरी भाजी शिजली नाही. शेवटी म्हशीनेसुद्धा तोंड फिरवलं.

एका संध्याकाळी ते शाळेतल्या गुरुजींकडे जाऊन बसले. गुरुजी चांगला माणूस, जाड भिंगांचा चष्मा, विचारलं त्यापेक्षा थोडं जास्त सांगायची सवय. कुंडलिकरावांनी आडून विचारलं, एखाद्याला अरुंधती दिसत नसली तर. गुरुजी खुलले. "ती बारीक दिसते, पण तशी नाही बरं का. सूर्याहून मोठी आहे आणि सूर्याहून जास्त तापलेली. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ही त्याच्याही पुढे गेली, म्हणून निळसर पांढरी. लांब आहे म्हणून मिणमिणते. इतकी लांब, की आज आपण बघतो तो तिचा उजेड तिथून ऐंशी वर्षांपूर्वी निघाला."

"ऐंशी?" कुंडलिकराव म्हणाले. "म्हंजी माझ्या जल्माच्या आधी?"

"कितीतरी आधी."

कुंडलिकराव खचले. जे काही यायचं ते आपण जन्मायच्या आधीच निघालं आहे. एवढं लांबून, एवढ्या वर्षांचं चालून आलेलं संकट आता वाटेतून परत कसलं फिरतंय?

"पण दिसत कुणाला नाही?" गुरुजींनी विचारलं.

कुंडलिकराव गडबडले. "दत्तोबाला," ते म्हणाले.

"मग चष्मा घ्यायला सांगा त्यांना," असं गुरुजी म्हणाले. पण मरायला टेकलेल्या माणसाने चष्मा कशाला घ्यायचा, असं कुंडलिकरावांना वाटलं, आणि ते उठले.

दत्तोबाचं नाव असं तोंडून गेलं, त्याची मग रुखरुख लागली. जाता जाता भांडण मिटवून जावं म्हणून ते सकाळीच दत्तोबाच्या गोठ्यात हजर झाले आणि म्हणाले, "दत्तोबा, ती बाभूळ तुझी."

दत्तोबा धार काढायचा थांबला. वीस वर्षं ज्या बाभळीवरून दोघांच्या बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या, ती अशी फुकट मिळतेय म्हटल्यावर त्याला घाम फुटला. "कुंडलिकराव, नक्की काय हाय?"

"काय न्हाय. तुझी हाय. घे."

दत्तोबाने दूध तसंच टाकलं आणि बारामतीची कचेरी गाठली. बांधावरून रस्ता जाणार आहे का, कालव्याची नवी चारी निघणार आहे का, बाभळीवर कसला कर बसणार आहे का, असं ज्याला त्याला विचारत दिवसभर फिरला. कसलंच काही नाही म्हटल्यावर तो जास्तच घाबरला. बाभूळ तोडायची त्याची हिंमत होईना. येता-जाता तो तिच्याकडे लांबून बघायचा.

वैशाखात मांडव पडला. झुंबररावांचं वऱ्हाड कळंबहून गाड्या जुंपून आलं, गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, सप्तपदी झाली. आभाळ स्वच्छ होतं. म्हातारीची बाज डोक्याच्या थोडी उत्तरेला ऐसपैस पडली होती. भटजी म्हणाले, "कुंडलिकराव, आता तुमचं काम." सगळा मांडव बाहेर येऊन उभा राहिला.

कुंडलिकरावांनी महिनाभर या घडीची मनात तालीम केली होती. बाज दाखवायची, चोर दाखवायचे, जागा पाठ आहे, पोर मान डोलावील, संपलं. लेक एकदा सासरी पोचली की आपण मोकळे. त्यांनी बोट वर केलं. बाजेपाशी बोट जरा अडखळलं, पण लेकीच्या लग्नात बापाचं असं होतंच, असं समजून बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

"दिसली का, कौशे?"

कौसल्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली, मुंडावळ्या हाताने बाजूला धरल्या. मग म्हणाली, "न्हाय, आबा. मला न्हाय दिसत."

करवलीने तिला कोपर मारलं आणि कुजबुजली, "दिसली म्हन की."

"न्हाय दिसत तर दिसली कशी म्हनू?" कौसल्या म्हणाली. पोरगी सरळ होती.

कुंडलिकरावांचा हात आपोआप खाली आला. स्वतःचं मरण त्यांनी मेथीच्या भाजीबरोबर रोज थोडं थोडं पचवलं होतं. पण हळदीच्या अंगाने समोर उभ्या असलेल्या या पोरीला सहा महिने, हे त्यांना सोसेना. आणि भोवती सासरची माणसं. गेणूतात्याची गोष्ट कळंबला दहा लग्नांत त्यांनीच सांगितलेली. झुंबररावांनी बायकोकडे बघितलं ते त्यांना दिसलं, एवढी नजर अजून शाबूत होती.

"मला बी न्हाय दिसत," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "फागुनापास्नं मला दिसत न्हाय. नुसतं बोट दावतोय. आन् मी सहा महिन्यांचं सांगत हुतो ते काय खरं न्हवं. कुनी मरत न्हाय. ऐकलं का झुंबरराव, कुनी मरत न्हाय."

"पर तुमचा त्यो गेनूतात्या?" वऱ्हाडातून कुणीतरी विचारलं.

"गेनूतात्या म्हातारा हुता म्हनून मेला."

पस्तीस वर्षांची कीर्ती अशी भर मांडवात स्वतःच्या हाताने मोडून कुंडलिकराव मान खाली घालून उभे राहिले. मग बायकांच्या घोळक्यातून बनाबाईंचा आवाज आला.

"मग मी तर कवाच मेले म्हनायची."

"म्हंजी?" कुंडलिकराव म्हणाले.

"मला आपल्या लग्नात बी न्हवती दिसली. त्या दिशी न्हाय, आन् त्याच्यानंतर बी कवा न्हाय."

"अगं पर मान डोलावलीस की."

"सकाळपास्नं उपाशी हुते. तुमी बोट खाली घेईना. मान डोलावली तवा पंगत बसली."

रंगूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांनी त्यांच्या लग्नात भलत्याच चांदणीला हात जोडले होते. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. कुणी मुंडावळ्यांतून काहीच बघितलं नव्हतं, कुणी रडत होती, कुणी नुसतीच घाबरून हो म्हणाली होती, कारण कुंडलिकराव लगेच सहा महिन्यांचं काढायचे. झुंबररावांची बायको कळंबची, तिला कुंडलिकरावांनीच दाखवली होती. ती म्हणाली, "मला काजवा वाटला हुता." झुंबररावांना हसू आवरेना, आणि व्याही हसला म्हटल्यावर सगळा मांडव मोकळा झाला.

कुंडलिकरावांना काय वाटलं ते सांगायचं तर, लाज वाटली, रागही आला, आणि त्या दोन्हींच्या खालून एवढा आनंद वर आला की ते तिथेच मांडवाच्या मेढीला टेकले. पोरगी जगणार होती. आपणही जगणार होतो. उसाचं रान तेवढं मेथीत गेलं होतं.

गुरुजी गर्दीतून पुढे आले आणि चष्मा काढून दत्तोबासमोर धरला. "दत्तोबा, आधी तुम्ही बघा. तुम्हांला दिसत नाही ना?"

"तुमास्नी कुनी सांगितलं?" दत्तोबा दचकला. त्यालाही ती कधी दिसली नव्हती आणि हे गुपित त्याने बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं. त्याने कुंडलिकरावांकडे बघितलं, आणि बाभूळ या माणसाने मरणाच्या धास्तीने सोडली होती, हे त्याला एकदम कळलं. "कुंडलिकराव, बाभूळ आता माझीच," तो म्हणाला. "दिलेली हाय."

कुंडलिकरावांनी चष्मा गुरुजींच्या हातातून काढून घेतला आणि आधी लेकीच्या डोळ्यांवर चढवला. मुंडावळ्यांत काड्या अडकल्या, त्या बनाबाईंनी सोडवल्या. कौसल्याने वर बघितलं आणि मान मागे टाकून आभाळ इकडून तिकडे न्याहाळलं. "आबा, केवढ्या हायत्या," ती म्हणाली. "आन् ती हाय की. चोराच्या कानाशी. निळी-निळी."

मग कुंडलिकरावांनी लावला. चोरावरचं केसर गेलं, आणि ती होती तिथेच होती, अंग चोरून, दत्तोबाच्या दुधाच्या रंगाची. त्यांचे डोळे भरून आले आणि भिंगं धूसर झाली, तेव्हा गुरुजींनी काळजीने उपरणं पुढे केलं.

"कौशीच्या आई, तू बी बघ."

"मला काय करायचंय आता," म्हणत बनाबाई पुढे आल्या. चष्मा लावला, मान वर केली. लोक वाट बघत राहिले.

"ही व्हय?" त्या म्हणाल्या. "एवढुशीच? हिच्यापायी माझ्या उसाच्या रानाचं वाटोळं केलं?"

लोक हसत असताना त्यांनी मान खाली घेतली आणि आता चष्मा गुरुजींना देणार, तोच त्यांचं लक्ष मांडवाच्या मेढीकडे गेलं. कुंडलिकराव पुन्हा तिथे जाऊन टेकले होते, चांगले दहा-बारा हात लांब. बनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पागोटं, मिशी, उपरण्याची गाठ, सगळं एकेक करून बघितलं. अरुंधतीकडे बघितलं त्याच्या कितीतरी पट वेळ बघितलं.

"काय गं?" कुंडलिकराव अवघडून म्हणाले.

"लांबनं तुमी असं दिसता व्हय?"

"कसं?"

"बरं दिसता," बनाबाई म्हणाल्या. "आन् मी इतकी वर्सं खोकल्यावर वळखत बसले."

गुरुजी चष्म्यासाठी हात पुढे करून उभे होते. बनाबाईंनी तो एवढ्यात दिला नाही.